वाटाड्या अणू : प्रयोगशाळेबाहेरची कसोटी

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



समुद्रावर गेलेल्या माणसापुढे दोन प्रश्न सदैव उभे असतात. आपण कोठे आहोत, हा पहिला. आणि घर कोणत्या दिशेला आहे, हा दुसरा. मालीम, बेतूल वा कुटबणच्या धक्क्यावरून पहाटे निघणाऱ्या तांडेलाला हे प्रश्न कोणी शिकवावे लागत नाहीत. त्याच्या वाडवडिलांनी त्यांची उत्तरे आकाशातील ताऱ्यांकडून, किनाऱ्यावरील डोंगरांच्या खुणांवरून आणि रात्री आग्वादच्या दीपस्तंभाकडून मिळविली. आज तीच उत्तरे त्याला उपग्रहांकडून मिळतात. साधन पालटले, परंतु रीत तीच राहिली. ही रीत म्हणजे बाहेरच्या कोणाला तरी विचारून आपला ठावठिकाणा जाणून घेण्याची.

याहून निराळी अशी दुसरी एक रीत आहे. कोणालाही न विचारता, स्वतःच्या चालीचा हिशेब ठेवून आपले स्थान काढावयाचे. आजच्या विवेचनाचा विषय या दुसऱ्या रीतीशी निगडित आहे. थंड केलेल्या अणूंच्या लहरींच्या साहाय्याने वाहनाची गती आणि वळण मोजणारी उपकरणे जगातील काही प्रयोगशाळांत तयार झाली आहेत. ती आता जहाजांवर आणि विमानांत नेली जात आहेत. त्यांचे तत्त्व काय, त्यांना प्रयोगशाळेबाहेर कोणत्या अडचणी येतात आणि सामान्य माणसाने त्यांच्यापासून कितपत अपेक्षा ठेवावी, याचा येथे थोडक्यात ऊहापोह करावयाचा आहे.

प्रारंभीच एक शंका दूर करणे इष्ट होईल. अणू हा शब्द कानी पडताच पुष्कळांच्या मनात अणुबाँब आणि किरणोत्सर्ग यांचे भय उभे राहते. या उपकरणांत अणूचे केंद्रक फोडले जात नाही, किरणोत्सर्गाचा त्यांच्या कार्याशी संबंध नाही आणि अणुऊर्जाही निर्माण होत नाही. येथे अणूला केवळ शांत केले जाते आणि त्याच्या हालचालीचे निरीक्षण केले जाते.

विचारून कळणे

१ सप्टेंबर १९८३ रोजी अँकरेजहून सोलकडे निघालेले कोरियन एअर लाइन्सचे विमान ठरलेल्या मार्गापासून शेकडो किलोमीटर भरकटून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि ते पाडण्यात आले. विमानातील २६९ माणसे मृत्युमुखी पडली. विमानात मार्ग मोजणारी यंत्रणा होती. परंतु स्वयंचलित चालकाची तिच्याशी जोडणी झालेली नव्हती आणि ही गोष्ट वैमानिकांच्या ध्यानी आली नाही, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या १९९३ च्या अहवालात काढण्यात आला. या दुर्घटनेनंतर त्याच महिन्यात अमेरिकेने आपली जीपीएस ही उपग्रह यंत्रणा पूर्ण झाल्यावर नागरी वापरासाठी खुली करण्याचे जाहीर केले. १९९५ मध्ये ती पूर्णत्वाने कार्यान्वित झाली. नागरी वापराच्या संकेतांत हेतुपुरस्सर ठेवलेली त्रुटी मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली आणि तेव्हापासून जगाचा तिच्यावरील भार झपाट्याने वाढला.

आपल्या देशानेही स्वतःची व्यवस्था उभारली. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडण्यात आला आणि २०१६ मध्ये या व्यवस्थेचे 'नाविक' असे नामकरण झाले. मासेमारी नौकांवर उपग्रहाशी संपर्क ठेवणारी एक लाख उपकरणे बसविण्याच्या राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाला. किनारपट्टीवरील कुटुंबांच्या दृष्टीने ही योजना मोलाची आहे, हे वेगळे सांगावयास नको.

तथापि उपग्रहाच्या संकेताची एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि त्यांच्या प्रक्षेपणाची शक्ती घरगुती दिव्याच्या तोलाची असते. इतक्या दूरच्या दिव्याचा प्रकाश येथे पोहोचेपर्यंत किती क्षीण होत असेल, याची कल्पना करता येईल. जवळच एखादा सामान्य प्रक्षेपक चालू केला, तरी तो संकेत बुडून जातो. कोणी कपटाने खोटा संकेत पाठविला, तर यंत्र चुकीचे स्थान खरे म्हणून दाखविते. मार्च २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार, नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात आपल्या सीमाभागात विमानांच्या जीपीएसमध्ये अडथळा आल्याच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्या व त्यांपैकी बहुतेक अमृतसर आणि जम्मू परिसरातील होत्या. शिवाय खोल पाण्याखाली किंवा बोगद्यात हा संकेत पोहोचतच नाही. बाहेरचा वाटाड्या अबोल झाला अथवा खोटे बोलू लागला, तर प्रवाशाजवळ स्वतःचे असे काही साधन असणे अगत्याचे ठरते.

मोजून कळणे

शिडाच्या जहाजांच्या काळी नाविक गाठी मारलेल्या दोरीला फळी बांधून ती पाण्यात सोडीत. वाळूचे घड्याळ रिते होईतो किती गाठी हातांतून सरकल्या, त्यावरून जहाजाचा वेग ठरे. जहाजाचा वेग आजही 'नॉट' म्हणजे गाठ या परिमाणात सांगितला जातो, त्याचे मूळ येथे आहे. वेग, दिशा आणि काळ या तिहींचा हिशेब मांडून नाविक आपले स्थान काढीत असे.

याच रीतीचे आधुनिक रूप म्हणजे जडत्वावर आधारलेले मार्गनिर्देशन. डोळे मिटून बसमध्ये बसलेल्या उतारूचे उदाहरण घेतले म्हणजे हे तत्त्व चटकन उमजते. बस सुटली की पाठ आसनाला टेकते. ब्रेक लागला की शरीर पुढे जाते. वळण आले की ते एका बाजूस कलते. गती एकसारखी असताना मात्र काहीच जाणवत नाही. समजा, हा उतारू प्रत्येक हिसक्याची आणि वळणाची अचूक नोंद ठेवू शकला आणि त्याच्याजवळ चांगले घड्याळ असले, तर खिडकीबाहेर न पाहताही बस कोठे आली आहे, हे तो सांगू शकेल. यंत्रात हिसका मोजण्याचे काम त्वरणमापक करतो आणि वळण मोजण्याचे काम जायरोस्कोप करतो. जायरोस्कोप हा मुळात फिरत्या भोवऱ्याचा सुधारलेला अवतार होय. फ्रान्समधील फूको या शास्त्रज्ञाने तो १८५२ मध्ये प्रथम दाखविला. हल्लीच्या विमानांत भोवऱ्याऐवजी लेसरच्या प्रकाशाचा उपयोग केला जातो.

या रीतीचा दोष असा की, चुकीचा संचय होत जातो. गुरुत्वत्वरणाच्या केवळ एका दशसहस्रांशाएवढी चूक त्वरणमापकात कायम राहिली, तर दहा मिनिटांत स्थानातील फरक सुमारे १७६ मीटर होतो. वीस मिनिटांत तो दुप्पट न होता चौपट, म्हणजे सुमारे ७०६ मीटर होतो. सावकाराच्या व्याजाप्रमाणे ही चूक काळाबरोबर फुगत जाते. प्रवासी विमानांतील चांगल्या प्रतीची यंत्रणादेखील बाहेरची मदत न घेता चालविली, तर तासाला सुमारे एक नाविक मैल, म्हणजे १.८५ किलोमीटर ढळते. पाणबुडीला कित्येक दिवस पाण्याखाली राहावे लागते. तिच्यापुढील प्रश्न किती बिकट असेल, हे यावरून कळेल.

चूक का राहते? कारण उपकरणातील स्प्रिंग, स्फटिक अथवा आरसा ही माणसाने घडविलेली वस्तू असते. ती उष्णतेने प्रसरण पावते आणि कालांतराने जुनी होते. एकाच कारखान्यातील दोन स्प्रिंगाही तंतोतंत सारख्या नसतात. म्हणून शास्त्रज्ञांनी अशा वस्तूचा शोध घेतला की जी कोणी घडविलेली नाही, जी झिजत नाही आणि जी सर्वत्र एकसारखी आहे. अशी वस्तू म्हणजे अणू. रुबिडियम धातूच्या एकाच प्रकारच्या अणूंत पुण्यातील अणू आणि पॅरिसमधील अणू असा भेद करता येत नाही.

अणूची लहर

फ्रेंच शास्त्रज्ञ लुई द ब्रॉय यांनी १९२४ मध्ये असे प्रतिपादन केले की, प्रकाशाप्रमाणेच पदार्थाच्या कणांनाही लहरीचे रूप असते. त्याच वर्षी ढाका विद्यापीठातील सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकणांच्या गणनेची नवी रीत मांडली. आइन्स्टाइन यांनी त्या लेखाचे जर्मन भाषांतर केले आणि ती रीत अणूंना लावून दाखविली. अत्यंत थंड केलेले अणू आपले वेगळेपण सोडून एकाच लहरीसारखे वागू लागतील, असे भाकीत त्यातून निघाले. हे भाकीत १९९५ मध्ये अमेरिकेतील बोल्डर येथे रुबिडियमच्या अणूंवर खरे करून दाखविण्यात आले. पदार्थाच्या या अवस्थेच्या नावात बोस यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे.

नेहमीच्या तापमानात रुबिडियमचे अणू सेकंदाला सुमारे ३०० मीटर वेगाने धावत असतात. त्यांच्यावर सर्व बाजूंनी योग्य रंगाचा लेसर प्रकाश सोडला असता त्यांचा वेग सेकंदाला काही सेंटिमीटरवर येतो. प्रकाशाने अणू थंड करण्याच्या या कार्याबद्दल स्टीव्हन चू, क्लोद कोएन-तानूजी आणि विल्यम फिलिप्स यांना १९९७ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

विहिरीच्या शांत पाण्यात दोन खडे टाकले असता दोन वर्तुळे पसरतात. ती जेथे एकमेकांस भेटतात, तेथे काही ठिकाणी पाणी अधिक उचलले जाते, तर काही ठिकाणी ते स्थिर राहते. या घटनेस व्यतिकरण म्हणतात. अणूच्या लहरींचेही असेच व्यतिकरण घडवून आणता येते. निर्वात पात्रातील थंड अणूंवर लेसरचा पहिला क्षणिक झोत टाकला की प्रत्येक अणूची लहर दोन वाटांनी जाऊ लागते. दुसरा झोत त्या वाटा परस्परांकडे वळवितो आणि तिसरा त्यांना एकत्र आणतो. तेवढ्या काळात वाहनाला गती मिळालेली असेल, तर दोन्ही लहरींचा मेळ पूर्वीसारखा बसत नाही. या फरकावरून वाहनाचे त्वरण कळते. मोकळा अणू निर्वातात आपल्या स्वाभाविक गतीने जात असतो. वाहन आणि त्यात बसविलेला आरसा मात्र सरकतो. तो किती सरकला, हे लेसरच्या तरंगलांबीच्या पट्टीने मोजले जाते. रुबिडियमसाठी ही तरंगलांबी ७८० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या सहस्रांशाहूनही कमी असते. पट्टी इतकी बारीक असल्यामुळे मोजमापही तितकेच सूक्ष्म होते.

१९९१ मध्ये जर्मनी आणि अमेरिका येथील निरनिराळ्या गटांनी अणूंचे असे व्यतिकरण प्रत्यक्षात आणले. त्यांपैकी कॅसेविच आणि चू यांनी स्टॅनफर्ड येथे सोडियमचे अणू कारंज्यासारखे वर उडवून गुरुत्वत्वरण मोजले. पुढे १९९९ मध्ये चू यांच्याच गटाने अणूंनी मोजलेले गुरुत्वत्वरण आणि काचेचा आरसा खाली पाडून मोजलेले गुरुत्वत्वरण यांची तुलना प्रसिद्ध केली. दोहोंतील फरक काही अब्जांशांपेक्षा अधिक नव्हता.

वळण मोजण्याचे तत्त्वही असेच आहे. समजा, देवळाभोवती दोन मुले एकाच खुणेपासून विरुद्ध दिशांनी सारख्या वेगाने प्रदक्षिणा घालीत आहेत. खूण स्थिर असेल तर दोघे एकाच क्षणी तेथे परत येतील. पण तेवढ्या वेळात ती खूणच वर्तुळावर थोडी पुढे सरकली, तर एकाला कमी आणि दुसऱ्याला अधिक अंतर पडेल. फ्रान्समधील सान्याक यांनी १९१३ मध्ये प्रकाशाच्या दोन किरणांच्या साहाय्याने हा परिणाम दाखविला. वाटेने वेढलेले क्षेत्रफळ जितके मोठे, तितका परिणाम मोठा. क्षेत्रफळ सारखे ठेवले तर हा परिणाम प्रकाशापेक्षा अणूच्या लहरीत अब्जावधी पटींनी अधिक असतो.

प्रयोगशाळेचा उंबरठा ओलांडताना

इतके सारे असूनही हे उपकरण प्रत्येक जहाजावर का बसविलेले नाही? याचे उत्तर प्रयोगशाळा आणि वाहन यांच्यातील भेदात आहे. प्रयोगशाळेतील मेज डळमळत नाही, तेथील तापमान राखलेले असते आणि तज्ज्ञ माणसे जवळ उभी असतात. वाहनात यांतील काहीच नसते.

पहिली अडचण खुद्द मोकळेपणाची आहे. मोकळा अणू खाली पडतो. एका सेकंदाच्या दहाव्या हिश्शात तो सुमारे पाच सेंटिमीटर पडतो, तर पूर्ण एका सेकंदात ४.९ मीटर. त्वरण मोजण्याची सूक्ष्मता काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून काळ जितका अधिक मिळेल तितका हवा असतो. स्टॅनफर्ड येथे याकरिता सुमारे दहा मीटर उंचीचा मनोराच उभारण्यात आला. असा मनोरा होडीवर नेता येत नाही हे उघड आहे. शिवाय होडी कलली किंवा गाडीने हिसका दिला, तर पात्र सरकते आणि अणू मागे राहून पात्राच्या भिंतीवर आदळतो.

दुसरी अडचण ध्यानी येण्यासाठी तासकाटा नसलेले घड्याळ डोळ्यांसमोर आणावे. मिनिटकाटा दहा मिनिटे झाल्याचे अचूक दाखवील. परंतु दोन वाजून दहा मिनिटे की तीन वाजून दहा मिनिटे, हे त्यावरून कळणार नाही. लहरींच्या मेळाचेही असेच आहे. हिसका मोठा असला की मेळ कित्येक फेरे पुढे जातो. फेरे किती झाले, हे अणू सांगत नाहीत. तिसरी अडचण अशी की, अणू गोळा करणे, थंड करणे आणि मोजणे यांत वेळ जातो. दोन मोजमापांच्या मधल्या काळात उपकरण जणू डोळे मिटून असते.

या अडचणींवर जो मार्ग निघाला, तो जुन्या आणि नव्या साधनांना एकत्र जोडण्याचा. साधा त्वरणमापक अखंड चालू राहतो आणि तासकाट्याचे काम करतो. अणू ठरावीक कालांतराने मोजमाप देतात आणि साध्या उपकरणाची ढळ दुरुस्त करतात. गावच्या हिशेबनिसाने रोजचे टाचण ठेवावे आणि तपासनिसाने वेळोवेळी येऊन ते तपासावे, तशी ही व्यवस्था आहे.

फ्रेंच शास्त्रज्ञांनी विमानात चालविलेल्या अशा उपकरणाचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध केले. त्या विमानाला बसणाऱ्या नेहमीच्या हिसक्यांपेक्षा ३०० पटींनी लहान असे त्वरणातील बदल त्याने टिपले. फ्रान्सच्याच ओनेरा संस्थेने अणूंवर चालणारा गुरुत्वमापक अटलांटिक महासागरात जहाजावर नेला. खवळलेल्या समुद्रातही त्याने रूढ स्प्रिंगच्या उपकरणापेक्षा सरस काम केल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२३ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजचे उपकरण ब्रिटिश नौदलाच्या 'पॅट्रिक ब्लॅकेट' या प्रयोगनौकेवर तपासण्यात आले. ज्या शास्त्रज्ञाचे नाव या नौकेस दिलेले आहे, त्या ब्लॅकेट यांनी स्वातंत्र्यानंतर भारताच्या संरक्षणविषयक संशोधनाची घडी बसविण्यासाठी आपल्या शासनास सल्ला दिला होता. अमेरिकेत बोइंग कंपनीने सुमारे चार तासांच्या विमानप्रवासात अशा साधनांची चाचणी घेतल्याचे २०२४ मध्ये जाहीर केले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सोडलेल्या 'एक्स-३७बी' या मानवरहित अंतराळयानावरही असे एक उपकरण पाठविण्यात आले.

अणूंना वाट बांधून देणे

जोडणीच्या या उपायाने अणूचे खाली पडणे मात्र थांबत नाही. त्यासाठी दुसरी एक दिशा शोधली जात आहे. अणूंना मोकळे न सोडता त्यांना वाट बांधून द्यावी, अशी ही कल्पना आहे. तारेत ओवलेला मणी तारेच्या लांबीच्या दिशेने मोकळेपणाने सरकतो, पण आडवा जाऊ शकत नाही. अणूंसाठी अशी तार दोन प्रकारांनी करता येते. सूक्ष्म तारांतून वीजप्रवाह सोडून चुंबकीय क्षेत्राची पन्हळ तयार करता येते, किंवा लेसरच्या बारीक शलाकेतच अणूंना धरून ठेवता येते. अणू आधारावर असल्यामुळे तो पडत नाही. परिणामी उंच मनोऱ्याची गरज उरत नाही आणि छोट्या पेटीतही अणूला अधिक काळ थांबविता येते.

हार्वर्ड विद्यापीठातील गटाने चुंबकीय वाटेवरील अणूंकडून क्षेत्रफळ वेढणारी फेरी करवून घेतल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध केले. व्हर्जिनिया विद्यापीठातील गटाने २०२० मध्ये एका वेळी दोन फेऱ्या परस्परविरुद्ध दिशांनी घडविल्या. दोन्ही फेऱ्यांना सारखाच लागणारा धक्का त्यामुळे वजा करता येतो आणि केवळ वळणाचा परिणाम शिल्लक राहतो.

यांपैकी लॉस अलामोस येथील काम विशेष बोधप्रद आहे. ज्या ठिकाणी १९४५ मध्ये पहिला अणुबाँब सिद्ध झाला, त्याच ठिकाणच्या प्रयोगशाळेने २०२३ मध्ये हे काम प्रसिद्ध केले. तेथे रुबिडियमचे अणू निरपेक्ष शून्यापासून एका अंशाच्या केवळ तीन अब्जांशांपर्यंत थंड करून लेसरच्या शलाकेत ठेवण्यात आले. त्यांची लहर शलाकेच्या लांबीच्या दिशेने विभागली गेली आणि त्याच वेळी ती संपूर्ण शलाका आडवी सरकविण्यात आली. त्यामुळे दोन वाटांमध्ये क्षेत्रफळ वेढले गेले. हे परिणामी क्षेत्रफळ ०.८ चौरस मिलिमीटर होते, म्हणजे ज्वारीच्या दाण्याच्या माथ्यावर मावण्याजोगे.

याची तुलना रूढ साधनाशी करून पाहावी. एक किलोमीटर लांबीचा काचतंतू १० सेंटिमीटर व्यासाच्या रिळावर गुंडाळला, तर सर्व वेढ्यांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे २५ चौरस मीटर होते. म्हणजे ते अणूंच्या फेरीपेक्षा सुमारे तीन कोटी पटींनी अधिक आहे. शिवाय त्या तंतूतून जाणाऱ्या प्रकाशकणांची संख्या मोजदादीपलीकडची असते. अणू मात्र प्रत्येक खेपेस थोडे असतात आणि संख्या थोडी असली की मोजमापात अनिश्चितता येते. अणूच्या लहरीचे स्वाभाविक श्रेष्ठत्व अशा रीतीने बरेचसे खर्ची पडते. केवळ मोठमोठे आकडे ऐकून नवे साधन जुन्याच्या पुढे गेले, असे समजणे म्हणूनच योग्य नाही.

बांधून दिलेल्या वाटेचे स्वतःचेही दोष असतात. वाट खडबडीत असेल, तर तिचे उंचसखलपण लहरीवर उमटते आणि ते वाहनाच्या गतीसारखेच भासते. अणू दाटीने ठेवले, तर ते एकमेकांवर आपटून मेळ बिघडवितात. लॉस अलामोसच्या प्रयोगात मेळ क्षीण होण्याचे मुख्य कारण आरसे आणि भिंगे यांचे कंपन हे आढळले. हा प्रयोगशाळेतील अनुभव आहे. इंजिनाच्या शेजारी काय होईल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

असे असले तरी त्याच प्रयोगातील एक निष्कर्ष आशादायक आहे. मोजमापे जसजशी अधिक घेतली व त्यांची सरासरी काढली, तसतशी अनिश्चितता नियमाप्रमाणे घटत गेली. दहा हजार सेकंदांपर्यंत, म्हणजे पावणेतीन तासांहून किंचित अधिक काळ, उपकरण एका बाजूस ढळल्याचे दिसले नाही. मार्ग मोजणाऱ्या साधनाचा खरा शत्रू ढळ हाच असल्यामुळे या निष्कर्षाचे महत्त्व मोठे आहे. आजचे उपकरण सूक्ष्मतेत उणे असेल, पण ते दिशाभूल करीत नाही. उणेपण परिश्रमाने भरून काढता येते.

आपल्या देशातील प्रयत्न

केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम अभियानास मान्यता दिली. २०२३-२४ ते २०३०-३१ या काळासाठी त्याचा खर्च ६००३.६५ कोटी रुपये ठरविण्यात आला आहे. अभियानाच्या चार केंद्रांपैकी संवेदन आणि मापन या विषयाचे केंद्र पवई येथील आयआयटी मुंबईकडे आहे. पुण्याच्या आयसर संस्थेतही क्वांटम तंत्रज्ञानासाठी एक केंद्र कार्यरत असून तेथे थंड अणूंवर संशोधन चालते. अणूंच्या बाबतीत परावलंबन किती महाग पडते, याचा अनुभव आपल्या देशाने घेतला आहे. 'नाविक'च्या पहिल्या उपग्रहावरील परदेशी बनावटीची रुबिडियमची तिन्ही घड्याळे २०१६ मध्ये बंद पडली. त्यानंतर २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या उपग्रहावर स्वदेशात तयार झालेले रुबिडियमचे घड्याळ प्रथमच बसविण्यात आले. घड्याळाच्या बाबतीत जे साधले, ते वाटाड्याच्या बाबतीत साधण्यासाठी निर्वात पात्रे, लेसर आणि कंपन रोखणारी बैठक या साऱ्यांची घडण आपल्याकडे झाली पाहिजे. त्यासाठी भौतिकीच्या पंडितांइतकीच कुशल कारागिरांचीही गरज आहे.

श्रोतेहो, या साऱ्याचे सार काय? अणूंच्या लहरींनी वळण आणि गती मोजता येते, हे निर्विवाद सिद्ध झाले आहे. मोकळ्या अणूंची उपकरणे जहाजांवर आणि विमानांत काम करू लागली आहेत. वाट बांधून दिलेल्या अणूंची उपकरणे मात्र अद्याप मुख्यत्वे प्रयोगशाळेतच आहेत. छोटेपणाच्या दृष्टीने त्यांच्याकडून मोठी आशा आहे, पण ती फलद्रूप होण्यास धक्के, उष्णता आणि दमट हवा यांच्या कसोटीला उतरावे लागेल. मासेमारीच्या होडीवर असे साधन दिसण्याचा दिवस जवळ आला आहे, असे कोणी सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

तोपर्यंत तांडेलाने उपग्रहाचे उपकरण अवश्य वापरावे. पण होकायंत्र धक्क्यावर ठेवून जाऊ नये आणि वडिलांकडून मिळालेले खुणांचे ज्ञान मुलांना शिकविण्याचे सोडू नये. उपकरणांची खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी 'क्वांटम' या शब्दाने दिपून न जाता तीन प्रश्न विचारावेत : बाहेरचा संकेत नसताना हे साधन किती तासांत किती ढळते, चाचणी चालत्या वाहनात झाली की स्थिर मेजावर, आणि बिघाड झाल्यास दुरुस्ती कोठे होईल? शिक्षकांनी विद्यार्थ्यांना विहिरीच्या पाण्यातील दोन वर्तुळे दाखवावीत. एखाद्या विद्यार्थ्याचे डोळे बांधून त्याला मैदानात पावले मोजत चालावयास लावावे आणि पन्नास पावलांनंतर तो ठरल्या जागेपासून किती दूर गेला, हे वर्गाने मोजावे. मोजण्यातील चूक कशी वाढत जाते, हे त्या एका प्रयोगाने जितके ठसेल, तितके पुस्तकाच्या पानांतून ठसणार नाही.

आपले स्थान दुसऱ्याला विचारून जाणण्यात कमीपणा नाही. परंतु विचारण्यास कोणी नसेल त्या वेळी स्वतःचा हिशेब जवळ असावा, हे शहाणपण दर्यावर्दी समाजाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. त्याच शहाणपणाला विज्ञानाने अणूची जोड देऊ केली आहे. ती जोड पक्की होण्यास काळ लागेल आणि ती पक्की करणाऱ्यांत या गावच्या शाळेतील मुले-मुली असाव्यात, अशी अपेक्षा व्यक्त करून हे विवेचन येथे संपविणे उचित होईल.